गैरसमज कोणाचा, भुर्दंड कोणाला

"अहो, मेसेजमधनं जरा गैरसमज झाला."

हे वाक्य आपण सगळेच वापरतो. प्लंबर "येतो" असा मेसेज करतो आणि येत नाही. (मराठीत तर "येतो" म्हणजे येतोय की निघतोय हे माणूस दारात दिसल्याशिवाय कळत नाही, तो भाग वेगळा.) नुकसान काय, तर अर्ध्या दिवसाची रजा फुकट. थोडी चिडचिड होते आणि संध्याकाळपर्यंत आपण विसरतो. 'गैरसमज' हा शब्दच असा मऊ आहे. त्यात कोणाचीच चूक नसते. दोन भली माणसं, मध्ये एक तोकडा मेसेज, झालं!

आज ज्या धंद्याबद्दल लिहायचंय तिथे मात्र हा शब्द इतका मऊ राहत नाही. एस्कॉर्टचं काम करणाऱ्या बायका, मेसेजवरून त्यांची वेळ मागणारे पुरुष, आणि त्या मेसेजांतून होणारे तथाकथित गैरसमज. ज्यांना नाकं मुरडायची आहेत त्यांनी इथेच मुरडून घ्यावीत. पुढे सवड मिळणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की यातले बरेचसे गैरसमज हे गैरसमज नसतातच. आधी स्पष्ट बोलायला कायद्याने बंदी घालायची, आणि मग मोघम बोलण्यातून जे व्हायचं ते झालं की "दोघांचाही गैरसमज" म्हणून हात झटकायचे. हे ढोंग आहे. आणि त्याचा भुर्दंड दर वेळी बाईच भरते.

सुरुवात त्या शब्दापासूनच करू. एस्कॉर्ट. आमच्या गावाकडे एस्कॉर्ट म्हटलं की ट्रॅक्टर डोळ्यांसमोर येतो. इंग्रजीतला मूळ अर्थ सोबत करणारा किंवा करणारी. म्हणजे काय विकलं जातंय हे सांगायला निवडलेला शब्दच मुळी ते न सांगण्यासाठी निवडलेला. तो शब्द सोयीचा का झाला, याचं उत्तर कुठल्याही शब्दकोशात नाही, ते दंडसंहितेत आहे.

आता एक घटना. २००९ सालच्या नाताळची आदली रात्र, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं सॅन अँटोनियो शहर. एका माणसाने क्रेगलिस्टवरची एस्कॉर्टची जाहिरात पाहून एका तेवीस वर्षांच्या मुलीला घरी बोलावलं. दीडशे डॉलर दिले. वीसेक मिनिटांनी ती निघाली. त्याच्या डोक्यात होतं की दीडशे डॉलरमध्ये शरीरसंबंध धरलेला आहे. तिच्या लेखी तसं काही ठरलेलं नव्हतं. त्याने पैसे परत मागितले, तिने दिले नाहीत आणि ती बाहेर थांबलेल्या गाडीत जाऊन बसली. त्याने रायफल काढली आणि गाडीवर गोळ्या झाडल्या. एक तिच्या मानेत लागली. ती लुळी झाली आणि सुमारे सात महिन्यांनी गेली.

जून २०१३मध्ये ज्यूरीने त्या माणसाला खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. बचाव दुहेरी होता. एक, त्याला तिला ठार मारायचं नव्हतं. आणि दोन, टेक्सासच्या कायद्यात रात्रीच्या वेळी चोरी करून पळणाऱ्याकडून आपली मालमत्ता परत मिळवण्यासाठी, काही अटींवर, जीवघेणा बळाचा वापर चालतो. त्याचे दीडशे डॉलर 'चोरून' ती पळत होती, म्हणून तो कायद्यात बसतो, असा युक्तिवाद. ज्यूरी कारणं देत नाही, त्यामुळे दोन्हींपैकी काय पटलं हे बाहेर आलं नाही. पण भर कोर्टात, वकिलाचा काळा कोट घालून (तिकडे काळा कोट नसतो म्हणा, सूट असतो) हा युक्तिवाद करता आला, हेच मला पुरेसं आहे.

यावर अनेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "पण मग आधीच स्पष्ट विचारायचं ना! तिनेही जाहिरातीत स्पष्ट लिहायचं!"

छान. लिहा बरं स्पष्ट. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शरीरसंबंध विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि तो गुन्हा पुरा व्हायला प्रत्यक्ष काही घडावं लागत नाही. अमुक गोष्ट अमुक पैशांना, एवढं ठरलं की झाला गुन्हा. म्हणजे ज्या मेसेजमध्ये गैरसमजाला जागाच उरत नाही, नेमका तो मेसेज हाच पुरावा. पोलिस पलीकडे गिऱ्हाईक बनून बसलेले असतात ते त्या एका स्पष्ट वाक्याची वाट पाहत. म्हणून तिकडे डॉलरला 'गुलाब' म्हणायची पद्धत पडली, फीला 'देणगी' म्हणायची. जाहिरातीच्या खाली एक ठरावीक तळटीप येऊ लागली, की पैसे फक्त वेळेचे आहेत, बाकी जे होईल ते दोन सज्ञान माणसांच्या मर्जीने. वर गिऱ्हाइकाकडून "तू पोलिस नाहीस ना?" हा प्रश्न, कारण विचारलं तर पोलिसाला खरं सांगावंच लागतं अशी एक भाबडी समजूत. तसं काही नसतं. पोलिस बिनदिक्कत खोटं सांगतो.

तर अशी भाषा. शंभर टक्के मोघम, कारण मोघमपणातच जामीन आहे. आणि त्या मोघम भाषेवर दोन अनोळखी माणसं एका बंद खोलीत भेटणार. गैरसमज होणार नाही तर काय होईल?

आपल्याला ही भाषा परकी वाटायचं कारण नाही. "आमचं काहीच मागणं नाही हो, तुमच्या मुलीला तुम्ही हौसेने काय घालाल ते." १९६१च्या हुंडाबंदी कायद्यानंतर जन्माला आलेली तीन पिढ्यांची माणसं या वाक्याचा अर्थ तोळ्यांत करून दाखवतील. आणि लग्नानंतर "आम्हाला वाटलं होतं की..." सुरू झालं की ते कोणाला भोगावं लागतं हेही सांगतील. (हुंडाबंदी नको असं मी म्हणत नाहीये. तिथे मागणाऱ्याचं तोंड बंद करायचं होतं, ते योग्यच होतं. इथे तोंड बंद होतं ते अटी सांगणारीचं.)

मेसेज हे माध्यमच तोकडं, असंही कोणी म्हणेल. आहेच. पहिला एसेमेस ३ डिसेंबर १९९२ला गेला, तेव्हापासून मर्यादा एकशेसाठ अक्षरांची. देवनागरीत तर सत्तरच, काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगवेगळं मोजून. आता व्हॉट्सॅपवर कादंबरी लिहिता येते, तरी माणसं "k" च लिहितात. तर तोकडेपणामुळे होणारे गैरसमज आणि बंदीमुळे होणारे गैरसमज हे दोन वेगळे कसे ओळखायचे? सोपं आहे. बंदी नसलेल्या ठिकाणी जाऊन बघायचं.

मी काही वर्षं न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला होते. तिथे मातीकामाच्या संध्याकाळच्या वर्गात माझ्या शेजारच्या चाकावर एक बाई बसायची. पंचेचाळिशीची, हाताला भलतीच वळण असलेली. माझं मडकं रोज कोसळायचं, तिचं कधीच नाही. दोनेक महिन्यांनी चहाच्या सुटीत सहज बोलता बोलता तिने सांगितलं की त्याआधीची अकरा वर्षं ती एस्कॉर्ट होती. आपण सांगावं की आधी अमुक कंपनीत अकाउंट्सला होते, तसं. मी (अर्थातच) चहा सांडला नाही, पण कप जरा जास्त वेळ तोंडाला लावून धरला.

तिथे हा व्यवसाय २००३च्या कायद्यानंतर गुन्हा राहिलेला नाही. तो कायदा मंजूर झाला साठ विरुद्ध एकोणसाठ मतांनी, एक सदस्य तटस्थ. ते तटस्थ सदस्य म्हणजे पाकिस्तानात जन्मलेले, त्या संसदेतले पहिले मुसलमान खासदार अश्रफ चौधरी. त्याच चर्चेत जॉर्जिना बायर या खासदार बाईंनी, ज्या स्वतः एकेकाळी हे काम करत होत्या, भाषण केलं. आपल्याकडे अशा विषयावर एवढी अटीतटीची मोजणी होईल तो दिवस मी बघेन असं वाटत नाही. असो.

तर माझ्या त्या शेजारणीचे गैरसमजाचे किस्से. 'इनकॉल' म्हणजे गिऱ्हाइकाने तिच्या जागी यायचं आणि 'आउटकॉल' म्हणजे तिने त्याच्याकडे जायचं. हे तिच्या बाजूने बघून ठेवलेले शब्द. पण एकाला वाटलं 'इन' म्हणजे माझ्या घरात. दोघंही आपापल्या घरी नटूनथटून तासभर वाट बघत बसले आणि मग एकमेकांना रागाचे मेसेज. दुसरा "८ वाजता" लिहून सकाळी आठला दारात हजर, ती दात घासत होती. "पुढचा शुक्रवार" म्हणजे परवाचा की त्याच्या पुढचा, हा तर जागतिक प्रश्न आहे. एकाने बायकोला कळू नये म्हणून हिचा नंबर छपरवाल्याच्या नावाने ठेवला होता. पावसाळ्यात त्यांचं छप्पर गळायला लागल्यावर बायकोनेच नवऱ्याच्या फोनवरून फोन केला. हिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या ओळखीच्या खऱ्या छपरवाल्याचा नंबर दिला. छप्पर चांगलं झालं म्हणे.

हे ऐकून मी पोट धरून हसले होते. पुढे लक्षात आलं की हे सगळे प्लंबरच्या जातीचे गैरसमज आहेत. वेळ, जागा, वार. असे गैरसमज कुठेही होणार, आणि त्यांनी कोणी मरत नाही.

मग मी तिला विचारलं की त्या दुसऱ्या प्रकारचे? "मला वाटलं ते यात धरलंय" वाले? तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ती म्हणाली, ते गैरसमज दार लागल्यावर होतात. आणि एकाच दिशेने होतात. ठरल्यापेक्षा कमी मिळणार अशी चुकीची समजूत करून घेऊन आलेलं गिऱ्हाईक तिला अकरा वर्षांत एकही भेटलं नव्हतं.

यावर तिचा उपाय म्हणजे एक कायमचा मेसेज होता, नव्या प्रत्येकाला जाणारा. मला आठवतोय तो साधारण असा: तासाचे इतके आणि अर्ध्या तासाचे इतके. जागा माझी. कंडोमशिवाय काहीही नाही. या या गोष्टी करते, इतर विचारू नये. शेजारच्या खोलीत माझी मैत्रीण असते. वार, तारीख, सकाळ की संध्याकाळ हे पूर्ण लिहा. मी कधीही थांबा म्हणाले तर थांबायचं.

वाचायला किती रुक्ष! एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर लावलेली सूचना वाटावी. पण यातलं एकेक वाक्य लिहिता येण्यासाठी कायद्यातलं एकेक कलम लागलं आहे. तिथला कायदा म्हणतो की असा करार बेकायदा किंवा रद्दबातल नाही. कंडोमचा आग्रह तर खुद्द कायद्यातच आहे. तो न पाळणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. चार बायकांपर्यंत, कोणी मालक न नेमता, परवान्याशिवाय एका जागी काम करू शकतात. म्हणून "शेजारच्या खोलीत मैत्रीण आहे" हे ती लिहू शकते.

आणि सतरावं कलम. माझ्या मते या सगळ्या विषयावर आजवर कोणी लिहिलेला सर्वांत शहाणा मजकूर. करारात काहीही असो, बाईला कुठल्याही क्षणी नाही म्हणता येतं. आधी हो म्हटलं होतं म्हणून तेवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की ठरलेलं काम झालं नाही म्हणून करार रद्द करण्याचा किंवा भरपाई मागण्याचा दुसऱ्या बाजूचा हक्क यामुळे जात नाही. म्हणजे मेसेजवर गैरसमज झाला, काम झालं नाही, तर वाद पैशांचा. दीडशे डॉलरचा. त्या वादासाठी जायची जागा दिवाणी कोर्ट.

आता टेक्सासच्या बाजूला हे ठेवून बघा. तीच घटना, तेवढेच पैसे, तेवढाच मोघमपणा. एका देशात ते पैशांचं देणं. दुसऱ्या देशात रायफल काढण्याचं निमित्त.

न्यूझीलंड म्हणजे स्वर्ग, असं मी मुळीच म्हणत नाहीये. त्याच कायद्याचं एकोणिसावं कलम तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना हे काम करू देत नाही. त्यामुळे परदेशातून आलेली मुलगी तिथेही सांकेतिक भाषेतच मेसेज लिहिते, कारण तिची तक्रार पोलिसांकडे पोचेपर्यंत तिचंच परतीचं तिकीट निघू शकतं. आणि गिऱ्हाइकांना ते बरोब्बर माहीत असतं. एकाच शहरात, एकाच संध्याकाळी, एक बाई पूर्ण वाक्यांत लिहिते आणि दुसरी अर्ध्या. पासपोर्ट कुठला एवढाच फरक.

इंग्लंडमधली गंमत आणखी निराळी. तिथे एकट्या बाईने खासगीत शरीरसंबंध विकणं गुन्हा नाही. पण एका फ्लॅटमध्ये दोघी असतील तर तो कुंटणखाना धरला जाऊ शकतो, आणि कुंटणखाना चालवणं गुन्हा. म्हणजे "शेजारच्या खोलीत मैत्रीण आहे" हे वाक्य तिथे स्वतःविरुद्धची साक्ष. मग ती काय लिहिणार? "मी एकटीच असते." अनोळखी पुरुषाला, रात्री, लेखी. ज्या कोणी हा नियम केला त्याने एकदा तरी हे वाक्य आपल्या मुलीच्या फोनवरून पाठवून बघावं.

कॅनडात निदान न्यायाधीशांच्या हे लक्षात आलं होतं. २० डिसेंबर २०१३ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, एकमताने, तीन कलमं रद्द केली. त्यातलं एक सार्वजनिक जागी या कामासाठी बोलणी करण्याला गुन्हा ठरवणारं होतं. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. ती दोन मिनिटांची बोलणी हीच बाईची सुरक्षा आहे. माणूस दारू प्यायलाय का, कंडोम वापरणार का, हे त्याच दोन मिनिटांत कळतं. ती मिनिटं काढून घेतलीत तर तिला आंधळ्यासारखं गाडीत बसावं लागतं. संसदेने यावर काय केलं? वर्षभरात, २०१४ला, नवा कायदा आणला. विकणारी बाई सुटली, विकत घेणारा गुन्हेगार, आणि त्यासाठी बोलणी करणं हाही त्याचा गुन्हा. स्वीडनने १९९९पासून धरलेली वाट.

या वाटेचे समर्थक चांगली माणसं आहेत. त्यात माझ्या स्त्रीवादी मैत्रिणीही आहेत, म्हणून जरा जपून लिहिते. त्या म्हणतात, बाईला शिक्षा नको, पुरुषाला हवी. ऐकायला पटतं. पण मेसेज दोघांमध्ये असतो. एका टोकाच्या माणसाला लेखी बोलण्याची भीती घातली की दुसऱ्या टोकालाही मोघमच उत्तर मिळणार. तो नाव सांगणार नाही. नंबर लपवणार. काय हवंय ते लिहिणार नाही, "भेटू मग बोलू" म्हणणार. आणि तिने पूर्ण नाव, कामाचं ठिकाण विचारलं तर तो दुसरीकडे जाणार, जिथे कमी विचारतात. कमी कोण विचारतं? जिला आजचं भाडं भरायचंय ती. समंजस गिऱ्हाईक घाबरून घरी बसतं आणि न घाबरणारं तेवढं उरतं. मैत्रिणींनो, शिक्षा त्याला झाली खरी, पण ती भोगतेय कोण हे जरा बघा.

अमेरिकेने २०१८ला यावर कळस केला. ६ एप्रिलला बॅकपेज ही जाहिरातींची साइट सरकारने ताब्यात घेतली आणि ११ एप्रिलला फोस्टा-सेस्टा नावाच्या कायद्यावर सही झाली. दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाला मदत होईल असा मजकूर चालवणाऱ्या साइटवर जबाबदारी टाकणारा कायदा. उद्देश मानवी तस्करी थांबवण्याचा. साइट्सनी घाबरून सगळंच पुसलं. दर पुसले, नियम पुसले, कोणतं गिऱ्हाईक मारकुटं आहे याच्या बायकांनी एकमेकींसाठी ठेवलेल्या याद्याही पुसल्या. आणि जून २०२१मध्ये अमेरिकन संसदेच्याच हिशेबतपासनीस कार्यालयाने अहवाल दिला की या कायद्याच्या नव्या फौजदारी कलमाखाली तोवर फक्त एक खटला भरला गेला होता. एक! बायकांची मात्र होती ती लेखी भिंत गेली आणि पुन्हा मेसेजमधला "हाय, फ्री आहेस?" उरला.

तस्करीचा मुद्दा मी टाळत नाहीये. उलट मेसेजच्या बाबतीत तो फार खरा आहे. पलीकडून उत्तर देणारी बाई ही बाई आहेच, हे कशावरून? पुष्कळदा फोन मध्यस्थाच्या हातात असतो. गिऱ्हाइकाने विचारलं की तो "हो, हो, सगळं" असं लिहून मोकळा होतो. पोचते ती मुलगी. तिला काय कबूल केलंय हे तिला माहीतच नसतं, आणि समोरचा फोन पुढे करून म्हणतो, "हे बघ, तू लिहिलंयस." याला गैरसमज म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसऱ्याने तिच्या वतीने दिलेला होकार आहे तो. पण बघा, या मुलीला वाचवायला कोणता कायदा कामाला येईल? मेसेजमध्ये शब्द लिहायची बंदी? मध्यस्थाला तर मोघम लिहिणंच हवं असतं. तिच्या कामाला येईल ते "लेखी काहीही असो, ती आत्ता नाही म्हणतेय तर नाही" असं सांगणारं कलम. आणि ते सांगायला पोलिसांकडे गेल्यावर तिलाच आत न टाकणारा पोलिस.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथून तिकडच्यांना अक्कल शिकवणं सोपं आहे.

मराठी वर्तमानपत्रातली छाप्याची बातमी वाचा. नावं बदला, शहर बदला, बातमी तीच असते. खबऱ्याकडून माहिती मिळाली, पोलिसांनी मोबाइलवर संपर्क साधला, 'बनावट ग्राहक' पाठवून खात्री केली, सापळा रचला, इतक्या तरुणींची सुटका. "खात्री केली" म्हणजे काय? दर विचारला, जागा विचारली, काय काय चालतं ते विचारलं, आणि पलीकडून स्पष्ट उत्तर आलं. जी नीट उत्तर देते ती सापडते.

आपल्याकडचा कायदा १९५६चा, अनैतिक व्यापार प्रतिबंधक. त्यात स्वेच्छेने हे काम करणं हा स्वतंत्र गुन्हा नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. १९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने, बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात, या बायकांबद्दल निर्देश दिले. तो खटला मुळात कोलकात्याच्या वस्तीतल्या एका बाईच्या १९९९मधल्या खुनाचा. आरोपीचं अपील फेटाळताना न्यायालयाने २०११मध्ये त्याचीच जनहित याचिका केली, आणि अकरा वर्षांनी हे निर्देश आले.  या बायकांची ओळख माध्यमांनी उघड करू नये. आणि आरोग्य व सुरक्षिततेसाठी त्या जे उपाय करतात, उदाहरणार्थ कंडोम, तो गुन्ह्याचा पुरावा मानू नये.

हे शेवटचं मी तीनदा वाचलं. सुरक्षिततेसाठी केलेला उपाय पुरावा नाही. मग माझ्या वेलिंग्टनच्या शेजारणीचा तो मेसेज काय होता? सुरक्षिततेचा उपायच होता ना? खिशातलं पाकीट पुरावा नाही, पण "पाकिटाशिवाय काहीही नाही" असं लेखी कळवणं पुरावा, हे कुठलं तर्कशास्त्र?

समजा तोच मेसेज पुण्यातल्या एखाद्या बाईने पाठवला. तासाचे इतके, अर्ध्या तासाचे इतके: व्यवहार आहे हे कबूल. जागा माझी: देऊळ, शाळा, इस्पितळ यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हे काम करणं सातव्या कलमाखाली गुन्हा, आणि पुण्यात देवळापासून दोनशे मीटर लांब असलेली खोली कोणी शोधून दाखवावी. शेजारच्या खोलीत मैत्रीण असते: दोघींच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली जागा म्हणजे कुंटणखाना, ही कायद्यातलीच व्याख्या. वार, तारीख, वेळ पूर्ण लिहा: सापळ्याची वेळ ठरली. थांबा म्हणाले की थांबायचं: हे मानायला लावणारं, न्यूझीलंडच्या सतराव्यासारखं कलम आपल्या १९५६च्या कायद्यात नाही.

राहिलं कंडोमचं वाक्य. ते तेवढं २०२२पासून चालायला हरकत नाही.